भिंतीकडे तोंड करून

रविवार सकाळ, धरणगावचं मैदान. हजर: आमचे अकरा खेळाडू, पाहुणा संघ, दोन पंच, गावातले प्रेक्षक, संघाचा व्यवस्थापक म्हणून मी आणि पिठाच्या गिरणीवाले नाना.

नाना एकही सामना चुकवत नाहीत. भुवयांवर पीठ, आणि गिरणीच्या घरघरीने कान मंदावल्यामुळे बोलणं सगळं ओरडून. आमचा बबलू फलंदाजीला आला की मात्र ते गप्प होतात आणि मैदानालगतच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. आपण पाहिलं की तो बाद होतो, अशी त्यांची खात्री आहे. बबलूचा फटका बसला तर चेंडू त्या भिंतीपलीकडे कापसाच्या ढिगात जातो. पण हल्ली तो शून्यावरच परततो. आजही चालला नाही, तर दोंडाईच्याला होणाऱ्या अंतिम सामन्यातून त्याला वगळायचं ठरलं होतं. सांगायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच चेंडूवर बबलूचा त्रिफळा उडाला. "बॅट चुलीत घाल!" लोक ओरडले.

"भाऊ, काय व्हयनं?" नानांनी भिंतीकडे पाहतच मला विचारलं. मी सांगितलं. मग ते वळले, परतणाऱ्या बबलूजवळ गेले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुन्ही चूक नही रे! मी वळीसन देखं, मनी नजर लागनी."

मी शेजारीच होतो. चेंडू पडला तेव्हा नाना वळले नव्हते.

लोकांनी मग नानांनाच धारेवर धरलं. मान खाली घातलेला बबलू हसला. "नाना, दोंडाईचाले डोळा बांधीसन या!"

त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.