बार्बराचा बाक

"बाई, एकच वाक्य! 'सात हिवाळे ती इथं बसली.' एवढं म्हणा, मी कागदावर खूण करतो आणि आपण कॉफी प्यायला मोकळे."

"नाही बसली."

"बसली."

"अरे, कोण बसली? बार्बरा नावाची बाईच नव्हती, राइगो! मी बसवली तिला तिथं."

राइगोने हातातला कागद हेल्वेच्या नाकासमोर धरला. "प्रश्न सतरावा. अंगणातल्या दगडी बाकाला खळगा कशाने पडला? उत्तरही खाली छापलंय. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत बार्बरा बसून राहिली म्हणून."

"छापणाऱ्यांना सांगितलं कुणी?"

"मी."

"आणि तुला?"

राइगोचे कान लाल झाले. "तुम्ही."

टॅलिन शहराच्या जुन्या गावातल्या गाइडांना दर पाच वर्षांनी आपला बिल्ला समितीकडे जमा करावा लागे आणि परीक्षकाला सगळं गाव फिरवून दाखवत, त्याच्या कागदावरच्या प्रश्नांची छापील उत्तरं न चुकता देऊन तो परत मिळवावा लागे. यंदा हेल्वेच्या नशिबी परीक्षक म्हणून आला तो राइगो. पंधरा वर्षांपूर्वी दोन उन्हाळे तिनेच त्याला मागेमागे फिरवून तयार केलं होतं. अजून तो तिला 'बाई'च म्हणे. तिचा बिल्ला आता त्याच्या कोटाच्या खिशात होता.

बिल्ला गेला तर घरी बसायचं, आणि घरी बसून बोलायचं कुणाशी? तिचा नवरा काल्यू दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन कुत्र्याशी. मग काल्यू गेला, पाठोपाठ कुत्राही गेला. शेजारी तर असे, की लिफ्टमधून सहा मजले मुकाट्याने बरोबर चढले की आज छान गप्पा झाल्या असं समजायचे. अशा लोकांत हेल्वे कशी जन्माला आली हे तिच्या आईलाही कधी उमगलं नाही. आई म्हणायची, "दवाखान्यात अदलाबदल झाली असणार." हेल्वेला ते खरं वाटायचं आणि ती ते सगळ्या वर्गाला सांगत सुटायची.

बार्बराही याच खोडीतून जन्मली. ह्या अंगणाचा नियम असा, की एका वेळी एकच घोळका आत. दुसऱ्याने बाहेरच्या कमानीखाली थांबायचं आणि गाइडने तोवर लोकांना काहीबाही सांगत धरून ठेवायचं. बावीस वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका दिवशी गारगोट्यांसारखा बर्फ पडत होता, आतला घोळका हलत नव्हता आणि हेल्वेच्या पुढ्यात चाळीस काकडलेले म्हातारे उभे होते. व्यापारी सांगून झाले, महामारी सांगून झाली, फाशी दिलेले तिघं सांगून झाले. कमानीतून तिला तो खळगा पडलेला बाक दिसला आणि तोंड आपोआप सुरू झालं. गोष्ट संपली तेव्हा एका आजीबाईंनी आत जाऊन बाकाची पापी घेतली.

त्या रात्री हेल्वेला स्वतःची लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण तीन दिवसांनी, आणि तोवर तिने बार्बरा आणखी पाच वेळा सांगितली होती.

"खरं उत्तर ऐकतोस?" हेल्वे आता राइगोला म्हणाली. "माझी आल्मा मावशी ह्याच अंगणात राहायची. तिकडे, वर, ती खिडकी. शेगडीचा कोळसा ती ह्या बाकावर हातोडीने फोडायची. वीस वर्षं! लिही."

"कोळसा?"

"कोळसा."

"बाई, मी माझ्या बायकोला लग्नाचं विचारलं ते ह्या बाकावर."

हेल्वेने बाकाच्या खळग्यावरून हात फिरवला. "मग काय झालं," ती म्हणाली, "कोळशावरही माणसं सुखात राहतात. मी खोटं सांगणार नाही, राइगो. ह्या वयात निदान एकदा तरी."

"मग मला नापास लिहावं लागेल."

"लिही."

त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, पण ते हातातच राहिलं. एवढ्यात कमानीतून केर्ली तिचा घोळका घेऊन आत आली. केर्ली ह्याच वर्षी गाइड झालेली. हेल्वे दिसताच तिचा चेहरा उजळला.

"अय्या, हेल्वेबाई! तुम्हीच सांगा ना बार्बरा. माझ्याकडून ती नुसती बसते हो, रडवत नाही."

"मी आज... परीक्षा चाललीय माझी."

"तुमची? परीक्षा?" केर्ली खळखळून हसली आणि घोळक्याकडे वळून म्हणाली, "मंडळी, ह्यांच्याइतकी चांगली ही गोष्ट अख्ख्या गावात कुणी सांगत नाही!"

तीस चेहरे हेल्वेकडे वळले. पुढच्या बाईने तर रुमालही काढून ठेवला. आपला निर्धार किती टिकतो ते हेल्वेने मनातल्या मनात मोजलं. तीस चेहऱ्यांपुढे तो चार सेकंदही टिकला नाही.

"ती पहिल्या हिवाळ्यात आली," हेल्वे हलक्या आवाजात म्हणाली, आणि अंगण चिडीचूप झालं, "तेव्हा तिच्या हातातली भाकरी अजून गरम होती."

मग काय! बार्बरा आली, बसली, झिजली. दगड झिजला, बंदरातली गलबतं बदलली. हेल्वेचा हात आपोआप मागच्या भिंतीवर गेला. तिथे कसल्यातरी खरवडल्याच्या खुणा होत्या. "प्रत्येक हिवाळ्याला एक रेघ," ती म्हणाली. हे तिला स्वतःलाही तेव्हाच कळलं.

मागून एक चष्मेवाला मोजू लागला. "अहो, पण ह्या तर आठ आहेत!"

केर्लीने श्वास रोखला.

"आठवी," हेल्वे मान खाली घालून म्हणाली, "तिच्या मुलीने काढली."

रुमालवाल्या बाईला हुंदका फुटला. चष्मेवाल्याने चष्मा पुसला. टाळ्या वाजल्या, हेल्वेने वाकून त्या स्वीकारल्या, वर दोनदा. केर्ली डोळे पुसत घोळक्याला घेऊन पुढे गेली.

राइगो कागदावर भराभरा लिहीत होता. "प्रश्न सतरावा, पूर्ण गुण," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्याने खिशातून बिल्ला काढून हेल्वेच्या तळहातावर ठेवला आणि पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

"बाई, ही आठवी रेघ. मुलीची. हे पुढच्या छपाईत घालायला हवं. कुठल्या दप्तरात सापडलं तुम्हाला?"

हेल्वेने बिल्ला कोटाला लावला, गळ्याचं बटण घातलं आणि कमानीतून रस्त्यावर निघून गेली.