गणपतरावांना सहकुटुंब आमंत्रण

ताईच्या लग्नाला आम्ही ज्यांना आमंत्रणं पाठवली, त्यांतले बहुतेक जण वारलेले होते. पत्रं मात्र सगळी वेळेवर पोचली.

ऐंशीच्या दशकात मी सीताबर्डीवरच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकत होतो. (म्हणजे बूट बाहेर काढून, गार खोलीत बसून, दुसऱ्याला मशीन चालवताना पाहत होतो.) तिथे नुकतीच एक विद्या हाती लागली होती : अक्षरांच्या लांबलचक ओळीतून हवा तेवढाच तुकडा कापून काढायचा. सरांच्या उदाहरणात आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. मधला शब्द कापला की माणसाचं नाव हातात! त्याला मागून 'राव' चिकटवायची सोय मी स्वतः केली. मशीन झालं म्हणून काय, संस्कार नकोत?

बाबा पाकिटांवर नावं लिहायला बसले होते. मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"लोकं चंद्रावर जाऊन राहिले, अन् तुम्ही शाई सांडून राहिले."

बाबांनी मुकाट्याने नावं सांगितली. घरी सांगतात तशी, आधी नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. मी तशीच टाइप केली आणि मधला शब्द कापला. इंग्रजीत छापलेल्या चिठ्ठ्या आईने खळ लावून कौतुकाने चिकटवल्या. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"एकदा पाहून घेऊ काय रे?" बाबांनी विचारलं.

"बाबा, हे मशीन आहे. ऑफिसातला बाबू नाही."

बाबा स्वतः बाबूच होते.

आठवडाभरात कळमेश्वरचे काका पाकीट नाचवत आले. "काहून गा, माह्या बापाले सहकुटुंब बलावलं? त्याचं कुटुंबही त्याच्यापाशीच गेलं ना!"

मग उलगडा झाला. मी गावोगावच्या सगळ्या पाहुण्यांच्या बापांना जेवायला बोलावलं होतं. त्यांतले पाच-सहा हयात निघाले आणि खूश होते, पण बाकीच्यांची मुलं रुसली. सगळ्यांत जास्त रुसले रामटेकचे वसंतमामा. आता मामाशिवाय नवरीला मांडवात आणणार कोण? ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आई तर रडलीच. स्वतःच्या वारलेल्या वडिलांच्या नावाची चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने चिकटवली होती.

बाबा आणि मी रामटेकला गेलो. मामांनी पाकीट पुढे केलं.

"कार्ड गणपतरावाच्या नावाचं हाये. ज्याले बलावलं तो येईन. मी कोण?"

"मामा, मशीनची चूक झाली."

"मशीनले बाप नसते, म्हणून त्याले मी माफ केलं. तुले तर हाये ना?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटतं, हसत होते.

लग्नाच्या दिवशी मामा आले. काखेत आजोबांचा हार घातलेला भलामोठा फोटो! तो त्यांनी माझ्या हातात दिला. "आमंत्रण याचं हाये. याले सांभाळजो. खाली ठेवशीन तर मी चाललो." मग ते ताईला घेऊन मांडवात गेले आणि मी फोटो घेऊन मागे उभा राहिलो. अक्षता, हार, पंगत, सगळीकडे आजोबा पुढे, मी मागे. व्याह्यांनी फोटोला वाकून नमस्कार केला. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

पुढे अल्बम आला. त्यात आजोबा प्रत्येक पानावर आहेत आणि चौकट धरलेली माझी दहा बोटं. बाकीचा मी फोटोग्राफरने कापून टाकलाय. तो क्लासला न जाताच शिकला होता, कुठला तुकडा ठेवायचा ते.