पेट्रोल एकाकडे, ठिणगी दुसऱ्याकडे

टर्बो बसवल्यावर गाडी पहिल्यांदा चालू केली, तेव्हा मी स्पार्क प्लगच्या वायरी चुकीच्या क्रमाने लावल्या होत्या. इंजिन चार सिलिंडरचं. त्यांची पेटायची पाळी एक, तीन, चार, दोन अशी असते, हे मला पाठ होतं. पण हाताला पाढ्यांची सवय, त्याने एकापुढे दोन आणि दोनापुढे तीन लावून टाकले. किल्ली फिरवताच सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि गल्लीतल्या बायका हंडे घेऊन बाहेर आल्या. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचा जो टँकर यायचा, तो गल्लीच्या तोंडाशी अगदी असाच बार काढायचा. माझ्या फाटकापुढे रांग लागली, नंबरावरून कुरबुर सुरू झाली. मी बॉनेटखालून तोंड बाहेर काढून सांगितलं, की टँकर नाही, मी आहे. त्यावर रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "मग पानी कवा सोडतूस?"

मी सहकारी साखर कारखान्यात शेती खात्याचा कारकून. कुणाचा ऊस कधी तुटायचा याच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. त्या साली ऊसच नव्हता. पालीच्या धरणाच्या तळाशी शेळ्या चरत होत्या. ऊस तोडणारे दसऱ्यानंतरच बैलगाड्या ट्रकवर चढवून कर्नाटकात गेलते. आम्ही कारकून तेवढे मागे राहिलो, कारण कारकुनाला कर्नाटकातूनसुद्धा बोलावणं येत नाही. कारखान्यात गाळप बंद होतं, पण सभा जोरात चालू होत्या. आम्ही जायचो, सही करायचो, एखाद्या सभेला बसायचो आणि घरी यायचो. माणसाला असा रिकामा वेळ मिळाला की तो एक तर राजकारणात पडतो किंवा गाडी खोलतो. राजकारणात आमचा थोरला चुलतभाऊ आधीच पडलेला होता.

गाडी माझी म्हणायची, पण वापर बायकोचा. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा वडवणीच्या पुढे, आत एका खेड्यात. एसटी फाट्यावर सोडते, तिथून पुढे नशीब. गाडी होती म्हणून ती रोज संध्याकाळी घरी यायची. वाटेत एक लांब चढ आहे. त्यावर गाडीत तिच्या शाळेतल्या आणखी दोन बाई असल्या की आमची गाडी ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे मुकाट चालायची. मला ते बघवेना. बायकोने याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. तिची तक्रार खिडकीची काच वर होत नाही, एवढीच होती. पण काच बसवण्यात माणसाच्या बुद्धीला वाव कुठे असतो? मी उन्हाळ्याची सुट्टी लागताच गाडी खोलली आणि भंगारातल्या एका काळ्या-पिवळ्या जीपचा टर्बो आणून बसवला.

बायको त्यावर एकच वाक्य बोलली. शाळा उघडायच्या दिवशी गाडी चालू असली तर ठीक, नाहीतर ती त्या गावात खोली घेणार आणि शनिवारीच घरी येणार. ही काही धमकी नव्हती. शिक्षिका आहे, वेळापत्रक सांगितलं.

टर्बो म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनाचा जो धूर वाया जातो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त आली की पेट्रोलही त्या मानाने जास्त द्यावं लागतं, आणि ठिणगी जरा उशिरा पाडावी लागते. दोन्ही नीट झालं तर छोटी गाडी चढावर ट्रकला मागे टाकते. नाही झालं तर पिस्टनला भोक पडतं. म्हणजे सगळा प्रश्न पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे कोण ठरवणार याचा. पूर्वी हे काम कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर करायचे. एकात पेट्रोलच्या बारीक छिद्रांचं गणित, दुसऱ्यात स्प्रिंगा आणि वजनं. आता एक छोटा कॉम्प्युटरचा डबा मिळतो. तो हवेचा दाब मोजून दोन्ही ठरवतो. मी बरेच दिवस मोबाइलवर वाचून काढलं होतं आणि मनातून मला दोन्ही कामं डब्याकडे द्यायची होती.

पण मनातून काही हवं असणं आणि ते चारचौघांत बोलणं, यात आमच्याकडे मोठं अंतर आहे. कार्बोरेटरच्या बाजूने माझा गॅरेजवाला मिस्त्री होता. शाळेपासूनचा दोस्त. त्याचं म्हणणं, कार्बोरेटर रस्त्यात बिघडला तर खोलायचा, तोंडाने फुंकायचा, बसवायचा. डबा बिघडला तर कशात फुंकशील बे? डब्याच्या बाजूने माझा मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो बीडला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो आणि लॅपटॉप उघडल्याशिवाय जेवत नाही. मिस्त्रीला नाही म्हणावं तर दोस्ती जाते. मेव्हण्याला नाही म्हणावं तर कुठे राहायचं, हा प्रश्न येतो.

तेव्हा मी जे आयुष्यभर पाहत आलो तेच केलं. समिती नेमली. अध्यक्षपदी थोरला चुलतभाऊ. त्याला सगळा गाव दादा म्हणतो. कारखान्यावर संचालक होता, पुढच्या निवडणुकीत पडला, पण अध्यक्षपद त्याच्या अंगातून गेलेलं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो समारोप करतो.

बैठक आमच्या ओसरीवर झाली. बायकोने चहा आणि चिवडा आणून ठेवला आणि ती दारात उभी राहिली. मिस्त्री बोलला. मेव्हण्याने लॅपटॉपवर रंगीत तक्ते दाखवले. दादाने ते चष्म्यातून आणि चष्म्यावरून, असे दोन्हीकडून पाहिले. मग त्याने सहकारातला आपला अनुभव सांगितला. चेअरमनपद एका गटाला दिलं की व्हाइस चेअरमनपद दुसऱ्याला द्यायचं. सगळी सत्ता एका हातात गेली की संस्था बुडते. सबब, पेट्रोल कार्बोरेटरकडे, म्हणजे मिस्त्रीकडे. ठिणगी डब्याकडे, म्हणजे मेव्हण्याकडे. दोघांचाही मान राहिला. सूचक कोण, अनुमोदक कोण, असं विचारत दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मी हात वर केला. सगळं ठाऊक असताना केला. इतकी वर्षं कारखान्यात काढल्यावर दादाने नुसतं पाहिलं तरी हात आपोआप वर जातो.

तेवढ्यात दारातून बायकोने विचारलं, "हवा वाढली ते डब्याला कळंल. मग पेट्रोलवाल्याला कोण सांगनार?"

दादा सगळ्यांदेखत तिला मॅडम म्हणतो. "मॅडम, प्रश्न लई चांगला हाय," तो म्हणाला. "समन्वयासाठी उपसमिती नेमू." आणि चिवड्याची ताटली जवळ ओढली.

काम सुरू झालं. मिस्त्रीने कार्बोरेटरला पत्र्याची बंद पेटी केली, टर्बोची हवा तिच्यात सोडली. मेव्हण्याने डबा बसवला, दाबाची नळी जोडली, ठिणगीचा तक्ता भरला. दोघांचंही काम खरोखर चांगलं होतं. राहिला फक्त पेट्रोलचा पंप. हवा दाबाने आली तर पेट्रोलही त्याहून जास्त दाबाने ढकलावं लागतं, आणि जुन्या पंपात तेवढा दम नव्हता. नवा, विजेवर चालणारा घ्यायला हवा होता. मिस्त्री म्हणाला, त्याला वायर हाय, म्हणजे तो डब्याच्या खात्यात. मेव्हणा म्हणाला, "दाजी, त्यातनं पेट्रोल जातं. माझा काय संबंध?" मी दादाला विचारलं. त्याने विषय पुढील बैठकीत घ्यायला सांगितलं. पुढची बैठक गणसंख्येअभावी तहकूब झाली, कारण मिस्त्री त्या दिवशी चकलांब्याला एका लग्नाला गेलता. मग शाळा उघडायचा दिवस आला आणि गाडीला जुनाच पंप राहिला.

सकाळी दादाने नारळ फोडला. पाण्याची एवढी टंचाई, तरी नारळातलं पाणी बॉनेटवर शिंपडायचं की प्यायचं यावर चर्चा झाली नाही. शिंपडलं. बायको पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली. काच तशीच खाली होती.

वडवणीपर्यंत गाडी अशी पळाली की मी मनातल्या मनात समितीचा सत्कार करून टाकला. बायकोनेही "बरी चालतीय की" असं म्हटलं, आणि हे तिच्याकडून म्हणजे ढोल-ताशे. मग चढ आला. पुढे ट्रॅक्टर. मी पाय दाबला. टर्बोने शीळ घातली, अंग मागे सीटला टेकलं, आणि पुढच्या क्षणी गाडी खोकली. पाय उचलला, गाडी सुधारली. पुन्हा दाबला, पुन्हा खोकली. काही न मागता चाललं तर सगळं सुरळीत, मागणी केली की पुरवठा बंद. आमच्या गावच्या सोसायटीचा कारभार मी गाडीत बसवला होता. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण बायको शेजारी, ट्रॅक्टर समोर. मी तिसऱ्यांदा दाबला. आतून कुणी तव्यावर फुटाणे भाजावेत तसा आवाज आला, मग आरशात निळा धूर, आणि गाडी बाजरीच्या पेरणीची वाट पाहणाऱ्या एका रानाशेजारी जाऊन उभी राहिली.

मी तिथूनच फोन लावले. मिस्त्री म्हणाला, ठिणगीनं घात केला. मेव्हणा म्हणाला, ठिणगी तक्त्याप्रमाणेच पडली आहे, पुरावा लॅपटॉपमध्ये आहे. दादा म्हणाला, कुणावर आरोप नकोत, चौकशी समिती नेमू. मी फोन ठेवून मागे वळलो तर बायकोने हात करून एक काळी-पिवळी थांबवली होती. पुढच्या सीटवर दोन माणसं बाजूला सरकली, तिने पिशवी आत दिली आणि ती गेली. माझ्याकडे बघून हात हलवला, रागाने नव्हे, जसा एसटीतून हलवतात तसा. शाळेत ती वेळेत पोहोचली.

त्या संध्याकाळी ती आली नाही. दुसऱ्या दिवशी मेव्हणा तिचे कपडे, तवा आणि उशी घेऊन गेला. मी म्हटलं, मी नेतो, तर तो म्हणाला, "कशात नेता, दाजी?" घरात मी एकटा. पिठलं करायला गेलो, ते पातळ झालं. टँकर आला तेव्हा रांगेत मी उभा राहिलो, आणि हंडा कमरेवर घ्यायचा की डोक्यावर, यावर मागून बरेच सल्ले मिळाले. घरात सगळं जिथल्या तिथे होतं, कुणी काही हलवत नव्हतं, आणि त्यामुळेच काही सुचत नव्हतं.

शनिवारपर्यंत मी आयुष्यात पहिल्यांदा एक निर्णय सभेविना घेतला. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही डब्याकडे, नवा पंप, नवा पिस्टन. मिस्त्री दोन दिवस बोलला नाही, मग स्वतःच इंजिन उतरवायला आला. दादाला कळवलंसुद्धा नाही.

दुपारी बायको एसटीने आली. चेहरा ताजा दिसत होता. मी चहा केला, समोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, की आता एकाच डब्याच्या हाती कारभार आहे, पंधरा दिवसांत गाडी उभी करतो, मग रोज संध्याकाळी घरी.

तिने चहा पिऊन बशी खाली ठेवली. म्हणाली, "खोली चांगली हाय. हापशाला पानी हाय, शाळा समोरच. संध्याकाळी शेजारच्या बाया येऊन बसतात, लई हसतो आमी." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी गाडी निवांत करा. घाई न्हाई."