आईची गाणी, ओळीला ओळ

किन्हीराजा गावच्या संघदीपला भपका अजिबात खपत नाही. दिवसभर वाशीमला कोर्टासमोरच्या दुकानात अर्ज टाइप करायचे, संध्याकाळच्या बसने घरी यायचं आणि उरल्या वेळात कॉम्प्युटरसाठी दहा-बारा ओळींचे छोटे प्रोग्राम लिहायचे, हा त्याचा शौक. एक प्रोग्राम वेबपेजवरच्या जाहिराती, रंगरंगोटी सगळं झाडून नुसता साधा मजकूर हाती देतो. भरतीची सूचना असो की निकाल, गावातल्या पोरापोरींच्या फोनवर कामाचं तेवढंच जातं. दुसरा याच्या उलटा, साध्या मजकुराचं वेबपेज करणारा. तो त्याने आईसाठी लिहिला.

आई म्हणजे लिलाबाई. विहारात तिच्याशिवाय गाणं उभं राहत नसे. यंदा घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने गायला साफ मनाई केली. गाणी तिचीच, कुठे शेतात निंदणात सुचलेली, कुठे बाबासाहेबांवरची, आणि सगळी तिच्या डोक्यात. बुद्धपौर्णिमेला आता ती म्हणणार कोण? संघदीपने तिच्याकडून हळूहळू वदवून घेतली, टाइप केली, पेज बनवलं आणि विहारात गाणाऱ्या बायांच्या फोनवर धाडलं. स्वारी खुशीत!

तालमीत पार फजिती झाली. त्याने टाइप करताना आपल्या अंदाजाने ओळी पाडल्या होत्या, पण प्रोग्रामने त्या जोडून एकच लांबलचक परिच्छेद करून टाकला. जी ती बाई भलतीकडेच थांबू लागली. संघदीपची बायको सपना तर धापा टाकायला लागली.

"आई, दम कुठी घ्यावा वो?"

लिलाबाई बसक्या आवाजात म्हणाली, "राहू द्या. माह्या संगंच जाऊ द्या थे गाने."

संघदीप मानेना. दुसऱ्याच दिवशी आईला समोर बसवून त्याने गाणी मोठ्याने वाचली. ती जिथं मान हलवी, तिथं त्याने ओळ तोडली. मग प्रोग्रामलाही बजावलं, माणूस जिथं थांबतो तिथंच थांबायचं, जास्त शहाणपणा करायचा नाही.

पौर्णिमेला बाया फोन हातात धरून मोकळ्या गळ्याने गायल्या. लिलाबाई समोर चटईवर बसली होती. गाणं संपलं तरी ती उठेना. संघदीप घाबरला.

"काय झालं आई? घसा दुखून राह्यला का?"

"नाई रे," ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "इतकी वर्सं मी म्हनतच होती. आयकलं आज पह्यल्यांदा."