करवत न लावता सांधलेली चौकट

बाळांनो, परवा तुम्ही खिडकीच्या कुजक्या चौकटीत इपॉक्सी भरतानाचा फोटो पाठवलात आणि विचारलंत, "आजी, तुला हे माहीत आहे का?" माहीत आहे, तुमचा बाबा जन्मायच्या आधीपासून. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही जळगावला होतो, मला आठवा महिना होता. रोजच्या सड्याच्या पाण्याने आणि वाळवीने पुढच्या दाराच्या चौकटीचा एक पाय कुजला. खालची बिजागरी निखळली आणि जड सागवानी दार वरच्या एका बिजागरीवर लटकू लागलं.

सुतारकाम करणाऱ्या मिस्तरींना बोलावलं. त्यांनी चौकटीच्या पायात खिळा खुपसला. तो लोण्यात जावा तसा आत गेला. "अक्का, हाई बठ्ठं सडी गयं शे. हातभर कापनंच पडी."

"सडलं असेल सगळं, पण घरात गर्भारशी आहे," सासूबाई म्हणाल्या. "बाळंतपण होईपर्यंत चौकटीला करवत नाही, पटाशी नाही."

"आणि दार माझ्या अंगावर पडलं तर?" मी विचारलं. चार इंग्रजी पुस्तकं वाचल्याचा ताठा होता तेव्हा.

मिस्तरी गेल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या पहिल्या वेळी तुझ्या सासऱ्यांनी माडीचा खांब कापवला होता." ते मूल राहिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

धाकटे दीर धुळ्याला एका कारखान्यात होते. शनिवारी ते दोन डबे घेऊन आले. एकात मधासारखी राळ होती, दुसऱ्यात ती घट्ट करणारा उग्र वासाचा द्रव; हेच तुमचं इपॉक्सी.

"आई, चमचा चालेल ना? त्याला धार नसते."

सासूबाईंनी बराच विचार केला आणि आमटीचा जुना चमचा काढून दिला. "हा परत माझ्या स्वयंपाकघरात आणू नकोस."

दार उतरवून ठेवून दिरांनी चमच्याने सगळा कुजका भुगा खरवडून काढला. मिस्तरी ओट्यावर बसून बघत होते. "भाऊ, लाकूडले दवा पाजी राहिनात का?"

"हो नाना. तुम्ही नाडी बघा."

मे महिन्याची दुपार होती. दिरांनी घाईने अख्खा वाडगाभर मिश्रण कालवलं. बघता बघता त्यातून वाफ निघाली आणि ते चमच्यासकट दगड झालं. मी वाडग्याला बोट लावलं तर चटका बसला. चूल नाही, निखारा नाही. सासूबाई दोन पावलं मागे सरल्या.

उन्हात एकदम खूप कालवलं की ते आपणच तापतं, हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात दिरांनी थोडं थोडं कालवलं. आधी पातळ राळ ओतली, ती लाकूड पीत राहिलं. मग सागाचा भुसा घालून केलेला घट्ट लगदा भरला. भुसा मिस्तरींनीच आणला होता. भोकं पाडायची नव्हती, म्हणून बिजागरीचे स्क्रू, चिकटून बसू नयेत यासाठी तेलात बुडवून, ओल्या लगद्यातच रोवले.

सोमवारी मिस्तरींनी ते स्क्रू फिरवून काढले, त्याच भोकांत बिजागरी कसली आणि दार चढवलं. एका बोटाने ढकललं, ते आवाज न करता फिरलं. मग ते खाली बसले आणि जोडावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले. "हाई लाकूड बी नही, दगड बी नही," ते हळूच म्हणाले. सासूबाईंनी चौकटीला हात लावून नमस्कार केला. माझाही हात आपोआप जोडला गेला.

पुढच्या महिन्यात तुमच्या बाबाला घेऊन मी दवाखान्यातून त्याच दाराने घरात आले. चौकटीचा तो पाय अजून उभा आहे, आणि दार त्याच बिजागरीवर फिरतं.