आगरहून आलेली बाटली

शुक्री,

फोनवर तू म्हणालीस, "बाई, माझ्यावर काही लिहू नका, लोक हसतील." हसू देत. पंच्याहत्तरी उलटली माझी, आता कुणाला विचारून लिहायचे दिवस गेले. तुला माहीत असलेलंच मी पुन्हा सांगणार आहे, कारण हे पत्र तुझ्याखेरीज इतरही वाचतील आणि त्यांना तू कोण हे ठाऊक नाही. कंटाळलीस तरी शेवटपर्यंत वाच.

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर तुझा जन्म. बाप जिव्या, भात आणि नाचणी करणारा. आई बुधीबाई. आश्रमशाळेत शिकलीस, पुढे लॅब टेक्निशियनचा कोर्स केलास, आणि २०१४ साली तलासरीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कामाला लागलीस. तिथली लॅब बघायला मी आठवड्यातून तीन दिवस डहाणूहून यायची. मी डॉक्टर नव्हे. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, उंदराच्या यकृताचे काप काढून काढून हात बसला होता, एवढीच माझी लायकी.

तुझं काम लोकांना समजेल असं सांगते. रोग्याच्या गाठीचा तुकडा येतो. तो फॉर्मलीनमध्ये मुरवायचा, म्हणजे कुजत नाही. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल काढायचं आणि त्या जागी पातळ मेण भरायचं. मेण गोठलं की झाला ठोकळा. एका केसाचे उभे पंधरा-वीस भाग केले तर त्यातल्या एकाएवढा पातळ काप मायक्रोटोमवर काढायचा, काचेवर घ्यायचा, रंगवायचा. वर दिलेल्या यादीत एक गोष्ट बिघडली की डॉक्टरला भिंगाखाली काही दिसत नाही. आणि न दिसल्याचा दोष नेहमी टेक्निशियनचा.

पहिल्या दिवशी मी तुला मुद्दाम बोथट ब्लेड दिलं होतं. तू तीन काप काढलेस, तिन्ही फाटले. वाटलं, रडेल. तू ब्लेड उलटसुलट बघितलंस आणि म्हणालीस, "बाई, याने तर काकडीसुद्धा कापायची नाही." तेव्हाच मला कळलं की पोरगी टिकणार.

आता २०१७चा नोव्हेंबर.

डहाणूजवळच्या आगर गावची संगिता, वय अडतीस. बोंबील चिरून सुकवणारी. उजव्या हाताच्या अंगठ्यावर चार महिने गाठ, वरून फुटलेली, भरत नव्हती. डहाणूच्या एका खाजगी दवाखान्यातल्या सर्जनने सोमवारी तिचा तुकडा काढला, बाटलीत घालून तिच्या दिराच्या, मनिषच्या हातात दिला. सांगितलं, तलासरीला पोचवा. आणि हेही सांगितलं की वरून तरी हा कॅन्सरच दिसतोय, शनिवारी सकाळी आठला अंगठा काढू.

मंगळवारी मनिष बाटली घेऊन आला. तू झाकण उघडून हुंगलंस. फॉर्मलीनचा वास नव्हता, नुसतं सलाइन होतं. तू लगेच तुकडा फॉर्मलीनमध्ये टाकलास, वहीत तसं लिहिलंस. बुधवारी तो तुकडा इतर पाच जणांच्या तुकड्यांबरोबर एकाच टोपलीतून पुढच्या कामाला गेला.

गुरुवारी डॉक्टर नविनभाई आले. ते वापीचे पॅथॉलॉजिस्ट, आठवड्यातून एकदा यायचे. संगिताची स्लाइड लावली आणि दोन मिनिटांत डोळे वर केले.

"शुक्रीबेन, आ शुं छे? मी टिश्यू मागितला होता, तुम्ही ढोकळा दिला."

मी वाकून बघितलं. खरंच सगळी भोकं. पेशी कुठे, मधली मोकळी जागा कुठे, काही पत्ता नाही.

"मेण जाळलंय," ते म्हणाले. "नाहीतर अल्कोहोलमध्ये पाणी. कडेला चामडीचे कोंब आत घुसल्यासारखे वाटतात, ते कॅन्सरचे असतील, नसतीलही. मी यावर सही करणार नाही. दुसरा तुकडा मागवा."

त्यांनी तिथूनच सर्जनला फोन लावला. सर्जन म्हणाला, पुन्हा पुन्हा कापत बसलो तर पसरेल, तुमची सही असो वा नसो, शनिवारी अंगठा निघणार. नविनभाईंनी फोन ठेवला, बॅग उचलली, आणि जाताना मला म्हणाले, "लॅब सुधारा, मॅडम." तुझ्याकडे बघितलंही नाही.

मग मीच तुझ्यावर घसरले. खरं ते लिहिते. म्हणाले, "झाकण उघडं ठेवलं असशील अल्कोहोलचं. समुद्राची हवा आहे ही, पाणी धरते. शंभर वेळा सांगितलं."

तू परीक्षानळीत थोडं झायलीन घेतलंस आणि त्यात तेच अल्कोहोल ओतलंस. पाणी असतं तर दुधासारखं झालं असतं. पारदर्शक राहिलं. मेणात थर्मामीटर बुडवलास, साठ अंश, हवं तेवढंच. ब्लेड बदललंस, त्याच ठोकळ्याचा नवा काप काढलास. भोकं तशीच. मग शेजारी दुसरी स्लाइड लावलीस, त्याच टोपलीतल्या कुणाच्यातरी अपेंडिक्सची.

"बघा बाई."

अपेंडिक्स पुस्तकातल्या चित्रासारखं स्वच्छ होतं.

"एका पातेल्यातला भात," तू म्हणालीस, "एकाच शितापुरता कसा करपेल?"

तू पुन्हा भिंगाला डोळा लावलास. मग म्हणालीस, "भोकं गोल नाहीत. लांबट आहेत, चिरा गेल्यासारखी. हॉस्टेलात मी एकदा घोलवडचे चिकू फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवले होते. फ्रीज पहिल्यांदाच बघत होते ना. बाहेर काढले तर वरून चिकू, आतून पाणी. बर्फाने आतून फोडले होते. बाई, हा तुकडा गोठलाय."

"कोण गोठवणार? बाटली तर सरळ डहाणूहून आली."

"सोमवारी काढली, मंगळवारी आली. मधे कुठे होती?"

फॉर्मवरचा फोन बंद लागत होता. दुपारचे दोन वाजले होते. आपण जीप पकडून डहाणूला आणि तिथून रिक्षाने आगरला गेलो. वाटेत मी बोलले तेवढं वाया गेलं.

मनिष जाळं विणत बसला होता. संगिता पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने बोंबील चिरत होती, आणि जमत नव्हतं. तू तिच्यासमोर बसलीस. मनिषला विचारलंस, "दादा, बाटली सोमवारी कुठे ठेवली होती?"

तो हसला. "पेटीत. दुसरी कुठं ठेवणार? दुपारची जीप गेली होती. म्हटलं, मांसाचा तुकडा आहे, खराब व्हायला नको. बर्फाचा चुरा अन् जाडं मीठ, थरावर थर. पापलेट ठेवतो तसं. सकाळी काढली तर दगडासारखी टणक. आमाला मांस टिकवायला शिकवायला नको, ताई."

मी बोलायला तोंड उघडलं. तू माझ्या हातावर हात ठेवून दाबलास, मी तोंड मिटलं. नुसत्या बर्फाने झालं नसतं. मिठाने बर्फ शून्याच्याही खाली जातो, हे मी पोरांना वर्गात शिकवलं होतं. किनाऱ्यावरच्या माणसाने जिवापाड काळजी घेतली होती, आणि तिथेच घात झाला होता.

"मीठ घातल्यावर मासळी सारखीच गोठते का, आतून-बाहेरून?" तू विचारलंस.

"छे. बाहेरचं मांस झटकन धरतं, ते घट्ट राहतं. आतलं सावकाश गोठतं, तेच पिचपिचतं मग. गिऱ्हाईक बोट घालून बघतं ते उगाच नाय."

तुझा चेहरा बदलला. संगिताने ते बघितलं. "काय बिघाडलं का ताई?"

"तुकडा जरा खराब झालाय. तुमची चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"वहिनीचा अंगठा माझ्यामुळं जाणार काय?" मनिष उठून उभा राहिला होता.

"शनिवारी जायचं का नाय, तेवढं सांगा," संगिता म्हणाली. "अंगठा नसंल तर मी कोयता कशात धरू?"

"उद्या संध्याकाळपर्यंत सांगते," तू म्हणालीस. खोटा धीर दिला नाहीस. मी दिला असता.

शुक्रवारी सकाळी आपलं भांडण झालं. ठोकळ्यात तुकडा उरला होता हरभऱ्याच्या डाळीएवढा. तुझं म्हणणं, आपण आतून कापत बाहेर जातोय, सगळा पिचलेला भाग आधी येतोय. मेण वितळवून तुकडा उलटा बसवायचा, बाहेरची बाजू ब्लेडकडे. माझं म्हणणं, डॉक्टरला न विचारता ठोकळा वितळवायचा नाही, हा नियम आहे. आणि वितळलेल्या मेणात एवढासा तुकडा हरवला, चिमट्यात चिरडला, की झालं.

"नविनभाईंना फोन लाव."

"दोनदा लावला. बंद आहे."

"मग थांब."

"बाई, आठला उद्या अंगठा निघणार आहे. तुकडा हरवला तरी निघणार, नाही हरवला तरी निघणार. थांबून कुणाचं काय वाचतंय? माझी नोकरी?"

मी म्हटलं, "कर. वहीत लिही, माझ्या सांगण्यावरून."

तू तसं लिहिलं नाहीस, ते मी नंतर बघितलं. स्वतःचंच नाव घातलंस.

मेण वितळलं. चिमटा गरम करून तू तुकडा उचललास. तो चिमट्यावरून घसरला आणि मेणात दिसेनासा झाला. किती वेळ, देव जाणे. मी खिडकीकडे तोंड केलं. मागून तू म्हणालीस, "आहे." वळून बघितलं तर तुकडा साच्यात उलटा बसलेला, आणि तुझ्या वरच्या ओठावर घामाचे थेंब.

ठोकळा गार झाल्यावर पंखा बंद केलास, वाऱ्याने काप उडतात. पहिला काप चुरगळला. दुसऱ्याला घडी पडली. तिसरा अर्धा आला. तू हँडल सोडलंस, दोन्ही हात फ्रॉकला पुसावेत तसे कुर्त्याला पुसलेस, ब्लेडचा कोन जरासा बदललास आणि पुन्हा फिरवलंस. मग फीत निघाली, एकाला एक जोडलेले सात काप. ब्रशच्या टोकाने ती कोमट पाण्यावर सोडलीस, पाण्यावर ताणून सपाट झाली. चार स्लाइड घेतल्यास. बाकी ठोकळ्यात मेणच उरलं.

त्यातल्या तीन स्लाइडना रंग लागेपर्यंत दुपारचा एक झाला. मी भिंगाला डोळा लावला. मधे भोकं होतीच, पण कडेला एक पट्टा अख्खा होता. पेशी न् पेशी जागेवर. कॅन्सर की काय हे सांगायचा मला अधिकार नाही, आणि तुलाही नव्हता.

स्लाइड रुमालात गुंडाळून तू वापीला निघालीस. गुजरातच्या सीमेवर अच्छाडच्या तपासणी नाक्याशी ट्रकांची रांग लागली होती, जीप हलेना. तू उतरलीस आणि ट्रकांच्या कडेने नाक्यापलीकडे चालत गेलीस, दोन्ही हात छातीशी धरून. तिथे दुसरं वाहन मिळालं. हे सगळं मला पुढे नविनभाईंकडून कळलं, तू कधी सांगितलं नाहीस.

ते म्हणाले, "शुक्रीबेन आल्या, मी म्हटलं अपॉइंटमेंट? म्हणाल्या, आधी बघा, मग ओरडा." त्यांनी बघितलं. ते चामडीचे कोंब कॅन्सरचे नव्हते. मासळीच्या पाण्यातला एक जंतू जखमेतून शिरतो, त्याच्याभोवती शरीर अशी गाठ बांधतं आणि वरची चामडी वेडीवाकडी वाढते. पाच वाजता त्यांनी सर्जनला फोन केला. अंगठा काढू नका, काही महिने गोळ्या द्या. उरलेल्या स्लाइडवर दुसऱ्या दिवशी खास रंग लावला, त्यात लाल काड्यांसारखे तीन जंतू सापडले. तीनच. पण सापडले.

संध्याकाळी वापीहून परतून तू संगिताला फोन केलास, या वेळी तो लागला, तेव्हा मी शेजारी होते. तू सांगितलंस, आणि मग पलीकडून मनिषचा आवाज, "ताई, वहिनी कोयता शोधते."

ठोकळा न विचारता वितळवल्याबद्दल तुला लेखी समज मिळाली. नविनभाईंनीच दिली आणि खाली त्यांनीच लिहिलं, काम उत्तम. असा माणूस.

पुढच्या आठवड्यात तू सहा लहान बाटल्या फॉर्मलीनने भरून माझ्या घरी आणल्यास. प्रत्येकीवर मराठीत आणि गुजरातीत चिठ्ठी: बर्फात ठेवू नये, उन्हात ठेवू नये, त्याच दिवशी पोचवावे. तो डहाणूचा दवाखाना माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तू म्हणालीस, "बाई, सोमवारी दोघी जाऊन देऊ. मी एकटी गेले तर दारातच उभी करतील."

त्या सोमवारी माझे गुडघे दुखत होते. पुढच्या सोमवारी तुमच्याकडे भाताची झोडणी. मग तुला सुट्टी नाही, मग मला ताप, मग तो सर्जन गावाला गेलेला. तू दोनदा आठवण केलीस, तिसऱ्यांदा केली नाहीस. २०१९च्या जूनमध्ये तू सिल्वासाच्या मोठ्या लॅबमध्ये गेलीस.

बाटल्या माझ्या फडताळात आहेत. तळाशी पांढरा साका बसलाय, आता त्या कुणाच्या उपयोगाच्या नाहीत. त्या दवाखान्यातून अजूनही तुकडे सलाइनमध्येच जातात का, हे मी एकदाही जाऊन विचारलेलं नाही.