उजवा कौल

देवीने माझी हाक ऐकली, असं बायका सांगतात. माझं उलटं झालं. देवीने सांगितलं आणि मीच ऐकलं नाही, वर खोटं बोलले. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. मी सातवीपर्यंतच शिकलेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लहानपणापासून मी तोंडाने श्वास घेते. नाक आपलं नावाला. घरामागे सुरंगीचं झाड आहे, ते फुललं की अख्खी वाडी म्हणते काय वास सुटलाय, मी पण हो म्हणायची, त्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजराच, करून देवीला न्यायची, पण वास मला कधी आलाच नाही. माझी लेक चिऊ झाल्यावर धाप वाढली. झोपेत श्वास अडकायचा. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले वरचा जबडा अरुंद आहे, टाळू उंच चढलाय, नाकाला जागाच नाही. आता या वयात हाड पक्कं झालेलं, म्हणून जबडा कापून सैल करायचा, टाळूला स्क्रू बसवायचा आणि घरी रोज त्याच्या भोकात चावी घालून थोडा थोडा मागे फिरवायचा. पुढच्या दोन दातांत फट पडेल, घाबरू नका, म्हणाले. मी तर ऐकूनच गार. चिऊ तीन वर्षांची, मी टेबलावरून उठलेच नाही तर तिला कोण, एवढंच डोक्यात.

आमच्याकडे असं काही करायचं तर आधी देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर कर, डावी पडली तर नको. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या देवळाकडे चढणाऱ्या दगडी पाखाडीच्या खालच्या पायरीवर बसल्या, मी एकटीच वर गेले. गुरव गाऱ्हाणं घालत होता आणि मी मनात म्हणत होते, डावी पाड गो आई, डावी पाड. गाऱ्हाणं संपायच्या आधीच उजवी पडली. खाली आले तर सासूबाईंनी विचारलं, "काय गो, काय झाला?"

"डावी पडली," मी म्हटलं.

त्या पदर झटकून उठल्या. "बरा. चल."

दोन महिन्यांनी चिऊला अंगणवाडीतून कडेवर घेऊन त्याच पाखाडीने चढत होते, मध्येच श्वास मिळेना, डोळ्यांपुढे अंधार, मी बसले ती आडवीच झाले. चिऊ हातातून सुटून दोन पायऱ्या खाली गेली. कोपर सोलवटलं, जास्त काही नाही, पण जांभ्या दगडावर तिचं रक्त बघितलं आणि माझा धीर सुटला. घरी येऊन सासूबाईंच्या पायाशी बसले. "आई, उजवी पडली होती."

"म्हायत हाय. गुरवान त्याच दिवशी सांगितलान."

"मग बोललात का नाय?"

"कौल तुला दिलान देवीन. तू बोलल्याबिगर मी काय बोलू?"

ऑपरेशन झालं. मिस्टर मुंबईहून रजा टाकून आले होते. तोंड भोपळ्यासारखं सुजलं, चिऊ दोन दिवस जवळ येईना, म्हणायची ही आई नाय. गाळलेली पेज चमच्याने, तीही अर्धी हनुवटीवर. आठवड्याने चावी सुरू झाली, चार दिवस मिस्टरांनी फिरवली, मग रजा संपली. पाचव्या दिवशी मी आरशात बघून फिरवली आणि काढताना चावी पुढे ओढली गेली. सहाव्या दिवशी बघते तर चावी घालायचं भोकच नाही. डॉक्टरांना फोन लावला, लागेना. सासूबाईंना बारीक दिसत नाही. मी ओट्यावर बसून रडायला लागले, म्हटलं खोटं बोलले त्याची ही शिक्षा.

तेवढ्यात मासळीवाली आली. आमची नेहमीची नव्हे, दुसरीच, कधी न बघितलेली. पाटी उतरवून म्हणाली, "बाय, रडतंस कित्याक?" सासूबाईंनी सांगितलं. तर म्हणते साबण दे. दोनदा हात धुतले, सासूबाईंना मोबाईलची बॅटरी धरायला लावली. "गाबरू नको. बांगड्याचं पित्त फुटू देत नाय मी, तुझा स्क्रू तो काय!" मला रडता रडता हसू आलं, आणि हसायला तोंड उघडलं तेवढ्यात तिने बघून घेतलं. "फेरा अर्धाच झालाय गो." चावीच्या टोकाने हलकेच मागे रेटलं, टाळूत दाब बसला, आणि भोक आलं. त्या दिवसाचा फेराही तिनेच दिला. मासे घेते म्हटलं तर हसली. "तू पेज पी. तुला मासे खायला येल तवा घे."

संध्याकाळी डॉक्टर फोनवर रागावले, दुसऱ्याला तोंडात हात घालू द्यायचा नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी बोलावून तपासलं, फेरा बरोबर बसला होता. नेहमीच्या मासळीवालीला विचारलं, तिला तशी कुणी माहीत नाही. परत ती आमच्या वाडीत आली नाही. मी काही म्हणत नाही. मला फक्त तिचे हात आठवतात, जराही न थरथरणारे.

दातांत फट पडली, चिऊने त्यात बोट घालून बघितलं. आता तारा लावल्यात, ती मिटत चाललीय. सुरंगी फुलली तसा सवयीने तोंड उघडं ठेवूनच वळेसर केला, पानात गुंडाळला आणि देवळात गेले. पाखाडी चढले, तोंड मिटून. गुरवाने विचारलं, "कौल लावायचा काय?" म्हटलं नको, विचारायचं काही नाही, देवीने दिलं ते घेतलं एवढंच तिला सांगायचंय. वळेसर वाहायला हात वर नेले आणि काहीतरी गोड, दाट असं थेट आत गेलं, छातीपर्यंत. मी घाबरून गुरवाला विचारलं, हे काय?

"सुरंगी गो," तो म्हणाला. "आणि काय?"

मी तिथेच बसले. इतकी वर्षं मी देवीला काय वाहत होते, ते मला त्या दिवशी कळलं.